निव्वळ

सांगलीच्या मार्केट यार्डाबाहेर
माझा भुईकाटा आहे, साठ टनी.
हळदीचा ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
भरलेलं वजा रिकामं,
उरेल ते निव्वळ.
बावीस वर्षं हीच वजाबाकी करतोय,
पावती फाडून खिडकीतून देतोय,
आणि रात्री बनियन काढताना
आरशात बघतोय
एक घडी
जी कुठल्याच रकान्यात बसत नाही.

उंची पाच फूट सात. वजन चौसष्ट.
डॉक्टर कुडचे म्हणाले, "सगळं बेतात आहे,
उगाच गर्दी करू नका."
मी शर्ट वर करून दाखवला.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं,
जसं मी ट्रकच्या चाकाला लागलेला चिखल बघतो.
म्हणजे बघतो आणि सोडून देतो.

मी नाही सोडलं.
चहातली साखर गेली, मग चहा गेला.
चार वाजता आपसूक टेबलावर येणारी
भडंगाची पुडी गेली.
रात्रीची भाकरी अर्धी झाली, मग पाव,
मग वैजयंतानं परात आपटली.
पहाटे नदीकडेनं हरिपूरपर्यंत चालत गेलो,
संगमावर सूर्यनमस्कार घातले.
पाण्यातल्या म्हशी
रवंथ न थांबवता बघत राहिल्या.

गालफडं बसली. मनगटावर घड्याळ फिरायला लागलं.
उसाच्या ट्रॅक्टरवरचा हंबीर म्हणाला,
"काय दादा, शुगर निघाली का काय?"
चौसष्टाचे साठ झाले.
गेलं ते तोंडावरनं गेलं, दंडावरनं गेलं,
जिथनं जायला हवं तिथनं हललं नाही.
तालमीतल्या इकबाल वस्तादांनी चिमटीत धरून बघितलं.
"आधी आलेली शेवटी जाणार," म्हणाले,
"तीही गेली तर.
भाडेकरू नव्हे हे, कूळ लागलंय तुमच्या पोटाला.
सातबाऱ्यावर नाव चढलंय."

मार्चमध्ये वजनमापवाले काटा तपासायला आले.
दरसाल येतात.
वीस-वीस किलोची लोखंडी वजनं
हमाल मांडतात,
ह्या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, मधोमध.
आकडा दहा किलोनं पुढं गेला.
माझ्या तोंडचं पाणी पळालं.
साहेब लिहीत होते.
"एवढं चालतं. एवढ्या मोठ्या काट्याला
एवढी सूट कायद्यातच आहे."
तार ओवून शिशाचा शिक्का दाबला
आणि जवळपास मिसळ कुठं चांगली मिळते ते विचारलं.

वजनं उतरवणाऱ्यांत एक म्हातारा होता,
उघडा, पाठ हळदीनं पिवळी,
बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.
आणि चड्डीच्या नाडीवर
तीच घडी.

आप्पांना होती.
जन्मभर शंभर किलोची पोती पाठीवर,
दोन वेळा भाकरी आणि खर्डा,
चरबी धरावी असं ताटात काही नसताना
तेवढी कुठनं राखली होती कोण जाणे.
दुपारी पोत्यांच्या थप्पीवर ते आडवे व्हायचे,
मी तिच्यावर डोकं ठेवायचो.
अख्ख्या यार्डात मऊ असं
तेवढंच होतं.

चार वाजता भडंग मागवलं.
अर्धी पुडी खाल्ली.
अर्धीच का, ते विचारू नका.
उद्या पहाटे हरिपूरला जाणारच आहे,
पायांना सवय लागलीय.

रात्री शटर ओढायच्या आधी,
इकडंतिकडं कुणी नाही बघून,
एकटाच काट्यावर जाऊन उभा राहिलो.
ह्याला दहाच्या आतलं दिसत नाही.
साठ म्हणाला.
हे भरलेलं.
रिकामं किती होतं
ते आमच्या घरात
कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.